चोथा

पर्समध्ये बाटली आहे, पन्नास मिलीची,
खोकल्याच्या औषधाची होती, उकळून घेतलेली.
आत द्राक्षाच्या बियांचं तेल,
सावलीत हिरवट, उन्हात धरलं की पिवळं.
बाकीचं सगळं लॅपटॉपमध्ये, अकरा स्लाइड,
त्यातली सातवी मला स्वतःलाच पटत नाही.

फेब्रुवारीत वाइनरीच्या मागे चोथ्याचे ढीग पडतात.
चिलटं, आंबूस वास,
आणि तो उचलून नेण्याचे पैसे घेणारा ट्रॅक्टरवाला.
मी म्हटलं, मला द्या.
मालक म्हणाले, न्या की, पण रोज न्या.
माझा पहिला करार तो. तोंडी.

सराफ बाजारात शिरोडे शेठनी गादीवर बसवलं,
चहा सांगितला,
एक थेंब अंगठ्यावर घेऊन कसाला लावावा तसा चोळला.
"माल चोख आहे, पोरी.
पण सोनं मी रात्री बारालाही विकू शकतो.
हे तू कोणाच्या दारात नेशील?"
निघताना हातात चिवड्याचा पुडा दिला.
घरी येईपर्यंत मी तो अर्धा संपवला होता.

कॉलेज रोडला, काचेच्या ऑफिसात,
एसी असा की ओढणी कानावर घेतली.
मुंबईहून आलेला ओस्तवाल, माझ्याहून सहा वर्षांनी लहान,
म्हणाला, पाच वर्षांत शंभर कोटी कसे होतील?
मी खरंच हिशेब करायला लागले,
शंभर कोटींना किती बिया,
तेवढ्या बियांना किती घोस,
दिंडोरी, निफाड, सांगली धरूनसुद्धा...
तेवढ्यात वेळ संपली.
"कळवतो," म्हणाला.
या क्रियापदाला भूतकाळ नसतो
हे मला आता माहीत आहे.

बँकेने तारण विचारलं.
माझ्या नावावर एक स्कूटर आहे
आणि सातपूरच्या गाळ्याचं तीन महिन्यांचं थकलेलं भाडं.

मग एका रविवारी कोठुळेकाका आले, न बोलावता.
जेल रोडला आमच्या वरच्या मजल्यावर राहतात.
छत्तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये,
छापलेल्या कागदांवर फिसकटलेली शाई शोधायची,
आणि पाळी सुटली की झडती देऊन
स्वतःच्या पाकिटासह घरी.
त्यांच्या नजरेखालून किती कोटी गेले, मी कधी विचारलं नाही.

लॅपटॉप उघडायला लागले तर म्हणाले, ते राहू दे.
घाणा चालू करायला लावला.
दहा मिनिटं नुसते उभे, मान जरा तिरकी.
"डावीकडचं बेअरिंग जाणार आहे."
पुढे बराच वेळ काहीच नाही.
मग एवढंच,
"बुडायला लागलं तर आधी मला सांगशील ना?
बाहेरून ऐकायला नको."
मी हो म्हटलं.
आजवर कोणी मला नफ्याशिवाय काही विचारलं नव्हतं.

चेक दीड लाखाचा.
सही करायला त्यांना वेळ लागला,
मग पेन बाजूला ठेवून त्यांनी तो उजेडाकडे धरला,
सवयीने, पुढून, मागून,
आणि जरा ओशाळून माझ्याकडे दिला.

रात्री सातवी स्लाइड पुसली. दहा उरल्या.
भाड्याचे पैसे दिले, गाळणीचं कापड आणलं,
बेअरिंगचं म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू.

गुरुवारी गेलं.
डावीकडचंच.
पहिला फोन मी वरच्या मजल्यावर लावला.