श्वास सोडून घेतलेलं माप

रुवीच्या बाजारात सुती लोकर मागितली
तर दुकानदार हसला. "मॅडम, जूनमध्ये?"
म्हटलं, नावाचीच लोकर हो,
कापूसच आहे, चार पदरी.
मागच्या फळीवरून त्यानं सात गुंडे काढले
लिंबाच्या रंगाचे.
इथं चहात टाकतात तो वाळून काळा झालेला लिंबू नव्हे,
त्याच्या आधीचा,
वाळायचं की नाही ते अजून न ठरलेला.

पुस्तकात मापं तीन: लहान, मध्यम, मोठं.
मी तिन्हींत बसत नाही.
अकरा वर्षं एक्स-रेच्या खोलीत
शिशाचा ॲप्रन घालते.
तोही बिनबाह्यांचाच,
पण त्याला उन्हाळी कोण म्हणेल?
डावा खांदा बोटभर उतरलाय.
शिंपी तिथं गादी भरून देतो, न विचारता.
मला तो जसा आहे तसा विणायचा होता.

मेरीकुट्टीनं टेप धरली.
रात्रपाळीहून आलेली, केस ओले, दातांत पेन्सिल,
छाती, कंबर, काखेपासून खाली,
मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत,
उजवीकडचं वेगळं, डावीकडचं वेगळं.
विजेच्या बिलाच्या पाठीवर
मल्याळम वळणाचे आकडे.

आधी तळहाताएवढा चौकोन विणून पाहिला,
धुतला, गॅलरीत टांगला,
चहा उकळेपर्यंत कडक.
हिशेब मांडला: एकशे बहात्तर टाके, गोल.

एक सुलट, एक उलट, खालची पट्टी.
हिला रिब म्हणतात, म्हणजे फासळीच.
घरी येऊनही तेच काम,
मी स्वतःशी हसले.
बाहेर सत्तेचाळीस, आत एसी एकोणीसवर,
मांडीवर गुंड्याची ऊब बरी वाटायची.
काखेत टाके घटवले.
डावा खांदा सहा ओळी आधीच मिटवला.
एकोणीस रात्री.

घातला तर ढगळ.
काखांनी आ वासलेला.
"मी बरोबर मोजलं होतं," मेरीकुट्टी म्हणाली.
पुन्हा टेप. शहाऐंशी. तेच.
मग टेप तशीच धरून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
"अगं, तू श्वास सोडणार कधी?"

रोज साठ-सत्तर जणांना सांगते मी:
खुद नफस. ला ततनफ्फस.
श्वास घ्या. थांबा.
काचेमागे, बटणावर बोट,
समाइलचा खजूरवाला, पायाडावरून पडलेला सिल्हेटचा पोरगा,
झुवैनाची खोकून दमलेली आई,
त्यांच्यासोबत मीही भरून घेते छाती आणि थांबते.
त्यांना सोडायला सांगते. तनफ्फस.
स्वतःला सांगायचं राहून जातं.
माणूस दारात आला, हातात टेप असली तरी,
माझी छाती आपली तयारच.

सोडला.
टेप सैल पडली, खाली घसरली.
ब्याऐंशी.
चार सेंटिमीटर मी कुठल्या कुठं वागवत होते.

सगळं उसवलं, पट्टीसकट.
उसवलेला दोरा कुरळाच येतो,
जुन्या टाक्यांची सवय धरून.
किटलीच्या वाफेवर धरला, दगडाखाली वाळवला.
एकशे चौसष्ट.
या वेळी दर ओळीला श्वास मोजला,
मग मोजायचा विसरले, ते बरं झालं.

ऑगस्टमधे रात्री गच्चीवर गेलो.
डोंगर अजून भट्टीसारखे, वारा नाही.
मनगटापर्यंत मी एका रंगाची, वर दुसऱ्याच,
देवीचा व्रण मलाच नवा वाटला.
मेरीकुट्टीनं काखेशी बोट घालून पाहिलं,
बोटाला जागा नव्हती.
"आता घे," ती म्हणाली.
घेतला.
टाके सगळीकडून ताणले
आणि सोडल्यावर परत आले.
टाकीचं पाणी अकरा वाजताही गरम होतं.