तोलाई

पस्तीस वर्षं मी हळद तोलली.
सांगलीच्या यार्डात सौद्याची हाक संपली की
पोतं काट्यावर, आकडा ओठावर,
आणि आकड्याच्या आधी घशात हळद.
थुंकी पिवळी, रुमाल पिवळा,
उशीच्या अभ्र्यावर सकाळी तोंडाएवढा डाग.

आज्जा पिंजारी. कापूस पिंजता पिंजता खोकायचा.
बाप गाद्या भरायचा. तोही.
मी खोकायला लागलो तेव्हा
घरात कुणी मान वर केली नाही.
नदाफांच्यात खोकला आडनावासारखा,
रेशनकार्डावर तेवढा लिहायचा राहिलेला.

रात्री अडीचला मात्र छाती शीळ घालायची.
जिन्नतबी उठून पाठ चोळायची.
आलं, मध, अडुळसा,
मिरजेतनं कुणी दिलेलं काळं चाटण.
बसून झोपायची सवय झाली मला,
एस.टी.तल्या माणसासारखी.

मगदूम डॉक्टरीणबाईंनी
छातीला नळी लावायच्या आधी विचारलं,
"कधी खोकत नाही, ते सांगा."

असं कुणी विचारलं नव्हतं.

अमावास्येला. यार्ड बंद असतं.
ईदेच्या दोन दिवसांत.
लेकीकडं रत्नागिरीला होतो, बारा दिवस,
किल्ला चढलो होतो, नातू खांद्यावर...
बोलत गेलो तसं
माझं मलाच ऐकू येत गेलं.

मग नळीत फुंकायला लावलं, जोर लावून, तीनदा.
काटा सरकला: एकशे नव्वद.
पंप ओढायला दिला, बाहेर बाकावर बसवलं,
पुन्हा फुंक. दोनशे साठ.
"दमा आहे," बाई म्हणाल्या.
"वाटा बुजलेल्या नाहीत, आखडल्यात. उघडतात, बघा."
मी आकड्याकडं बघत राहिलो.
एवढा फरक निघाला तर
आमच्याकडं काटा जप्त होतो.

एक पंप रोजचा, सूज उतरवायचा. ओढला की चूळ भरायची.
दुसरा अडचणीचा.
"नुसत्या दुसऱ्यावर राहाल तर
ते उधारीवर जगणं," बाई म्हणाल्या.
ओढायचा, श्वास धरायचा, मनात दहा मोजायचे.
मी मोजतो तोलाराच्या रीतीनं,
एक म्हणत नाही:
लाभ, दोन, तीन, चार...

पहिले दोन महिने पोत्यांच्या थप्पीमागं जाऊन ओढला.
"दस्तगीरचाचा, कुठल्या सायकलीत हवा भरताय?"
"सवय लागते हां त्याची."
सवय तर मला हळदीची लागली होती.

आता शेठनं पट्ट्या लिहायला आत बसवलंय.
हजेरी कमी पडते. जिन्नतबी बोलत नाही, पण
भांडी जरा जोरात ठेवते.
निलोफर, धाकटी, जुन्या पट्ट्यांच्या पाठीवर
रोज सकाळी माझी फुंक लिहून ठेवते:
तीनशे दहा. तीनशे. तीनशे वीस.
सौद्याच्या दिवशी दोनशे ऐंशी.
पोर काही बोलत नाही, नुसती
आकड्याखाली रेघ मारते.

काल बिराप्पा आला, माझ्या जागेवर असतो आता.
तोंडाला फडकं, डोळे लाल.
खोकला, थांबला, परत खोकला.
"हवा बदललीय," म्हणाला.
मी पेन खाली ठेवलं.
"अमावास्येला कसं असतं रं तुझं?"

पोतं गुडघ्याला टेकवून
तो आठवत उभा राहिला.