परतीची हवा

अर्लीन व्होइसिनबाईंनी दार उघडलं
तेव्हा आधी आतला दमटपणाच बाहेर आला,
पायपुसण्यावर जरासा घुटमळून.

हूमा, लुइझियाना. ऑगस्ट.
मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे, तरी मीठ गच्च.
भिंतीवरल्या फोटोंना काचेआड घाम.
"मशीन रात्रभर घरघरतं," त्या म्हणाल्या,
"पण वारा म्हणशील तर
कुणी गरम घासावर फुंकर घालावी, तेवढाच."

मी जाळीखाली टिश्यूचा कागद धरला.
हलला, न हलल्यासारखा.

माळ्यावर सरपटत गेलो
(गुडघ्यांना माझं वय माझ्याआधी कळतं).
ख्रिसमसच्या खोक्याखाली एक नळी चेपलेली,
ती मोकळी केली. कागद तसाच.
परतीच्या जाळीतला फिल्टर काढला:
दुकानातला सगळ्यांत महाग, जाडजूड,
धुळीबरोबर हवेलाही दारातच अडवणारा.
"चांगला म्हणून घेतला रे," बाई ओशाळल्या.
मग पत्रा उघडला,
आणि बाहेर पंचाण्णव डिग्री असताना
आत बर्फ.

बर्फाला घाई चालत नाही.
खरवडलं तर कॉइल फाटते.
मशीन बंद, नुसता पंखा चालू, तीन तास.
चिकोरीची कॉफी झाली, दोनदा.
कोळंबीच्या बोटींचे भाव, जावयाचं नवं घर,
मागच्या वादळात कुणाचं छप्पर कुणाच्या अंगणात गेलं ते.
खाली तसराळ्यात टपटप, टपटप.

वितळल्यावर दिसलं:
कॉइलवर चिकटून बसलेली राखाडी घोंगडी.
ब्रशनं कड उचलली तर अख्खी सुटून आली,
हातभर लांब, धूळ आणि आखूड पांढरे केस.

"कुत्रा कुठाय तुमचा?"
"बूदां? त्याला दोन वर्षं झाली."
त्यांनी ती हातात घेतली, नाकाशी नेली.
"पावसातून आला की
अस्साच घाण वास यायचा मेल्याचा."

मी कॉइल धुतली, साधा पातळ फिल्टर बसवला.
टिश्यू हातातून निसटला तो थेट टीव्हीमागे.
आतल्या खोलीचं दार आपोआप आपटलं.
मी समजावत होतो: पंखा 'ऑटो'वरच ठेवा,
सतत चालू ठेवलात तर कॉइलवरचं पाणी
पुन्हा घरातच फिरतं.
त्या हो हो म्हणत होत्या, ऐकत नव्हत्या.

"हे टाकू का कचऱ्यात?"
"थांब. आधी वाळू दे."

इथं काही वाळत नाही, बाई, असं म्हणणार होतो.
वर पाहिलं. जाळीतून
कोरडी, गार हवा येत होती.
मी खुर्ची ओढली आणि ती घोंगडी
तिच्या पाठीवर पसरून ठेवली.