मोजमाप पुस्तक, पान ५७

काम: खाडीलगतच्या भिंतीवर प्रबोधनात्मक चित्रे.
लांबी एकशे सात, उंची दोन.
टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं हसुराम मढवीने,
ओल्या गुलाबीला लागणार नाही अशा बेताने.
फ्लेमिंगो असो की नुसतं आभाळ,
दर चौरस मीटरला तोच.

भिंतीच्या अलीकडे चाळीस पक्षी, माना वर.
पलीकडे रात्री डंपर रिकामे होतात:
फुटक्या फरशा, कमोडचे तुकडे,
कुणाच्या तरी जुन्या किचनच्या निळ्या टाइल्स.
पाणी अजून आहे. थोडं.
पाहणी पथक येणार म्हणून भिंत आधी उंच झाली,
मग सुंदर.

हसुराम गोठिवलीचा. तीस वर्षं निवडणुका रंगवल्या,
एका रात्रीत दोन्ही पक्षांच्या भिंती, एकाच शिडीवरून.
'डोले कारताना मत कुनाचा ते नसतं डोक्यान, बाय.
बुबुल कुठं ठेवाचा, एवराच इचार.'
ते डोळे मला आठवतात.
रस्त्याच्या कुठल्याही बाजूने जा, तुमच्याकडेच बघायचे.
माझे वडील त्या डोळ्यांना मत देऊन आले.
तो माणूस आमच्या सेक्टरात पुन्हा दिसला नाही,
डोळे मात्र दोन पावसाळे टिकले.

हा गुलाबी कसा जमवलात, मी विचारलं.
निवडणुकीतला लाल उरला होता, म्हणाला.

कच्च्या रेखाटनात सगळ्या माना खाली होत्या,
चोची उलट्या, चिखलात,
जसे ते खरोखर जेवतात.
साहेब म्हणाले, शहराला लाज वाटतेय असं दिसतं हे.
माना वर करा.
केल्या.

आणि खोटं कशाला सांगू, छान दिसतात.
संध्याकाळी कोपरखैरण्याहून लोक येतात फोटोला.
माझी ओवी त्यांच्यासारखी एका पायावर उभी राहिली,
पडली, खिदळली.
तेवढा वेळ मला पलीकडचं काही आठवलं नाही.
भिंतीला नेमकं हेच काम दिलं होतं,
तिने चोख केलं.
कलेचंही हेच काम असतं का?
की आठवू न देणं आणि विसरू न देणं
यांना वेगळे दर लावायचे?
दरसूचीत तसा रकाना नाही.

शेवटच्या टोकाला विजेची डीपी.
तिच्यामागे, वाकून बघितलं तरच,
एकेचाळिसावा.
मान खाली, चोच उलटी,
आणि चिखलात एक निळा ठिपका,
चौकोनीसा.

दोन दिवस मी त्याच्यावर जीव टाकला.
मनात भाषण तयार केलं:
हा एक कला, बाकीचे चाळीस प्रचार.
मग न राहवून विचारलंच.
'वर जागाच नव्हती, बाय. वायर आरवी येत होती.'
आणि निळा?
'कुठला निला?'
चष्मा सदऱ्याला पुसला, आणि बिल कधी निघेल ते विचारलं.

म्हणजे प्रचार मीच करत होते,
एकट्या एका पक्ष्याचा,
माझ्यापाशीच.

आमच्यात नियम आहे:
अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची भोकं, खाचा, अडथळे
वजा करायचे नाहीत.
डीपीमागची जागा त्याहून बरीच मोठी भरली.
दिसत नाही त्याचे पैसे नाहीत,
साहेबांनी समासात हिरव्या शाईने लिहून ठेवलंय.
मी टेप पुन्हा लावली, जरा सैल सोडली.
०.४८.
वजावट: निरंक.
खाली सही, तारीख.

आकडा खोटा.
अक्षर मात्र त्या पानावर
कधी नव्हे इतकं देखणं आलं.