अंबाडी

सकाळी सातला सोहारच्या मळ्यांवर ड्रोन.
पडद्यावर खजुरी लालभडक, वाळू निळी,
आणि कुंपणाला चिकटून चार वाफे.
यंत्र म्हणतं, गांजा.
एक्क्याण्णव टक्के.

हिलाल सार्जंट गाडीची किल्ली उचलतो.
थांब म्हटलं, कॅमेरा खाली घे.
पाच बोटांचं पान, कडा दातेरी,
देठ मात्र तांबूस.

आता याला अरबीत कसं सांगू
आंबट, कण्या घालून,
वरून लसणाची फोडणी?

वाफ्यात एक माणूस, हातात पाण्याचा पाईप,
आवाजाकडे मान वर करून
डोळ्यांवर तळवा धरतो.
बियाणं कुणाच्या तरी मोज्यातून आलं असणार.
ते यंत्राला दिसत नाही.

अहवालात रकाने दोनच: संशयित, इतर.
मी ‘इतर’वर टिचकी मारतो.

हिलाल किल्ली बोटावर फिरवतोय अजून.