पळवाट

भांडी विसळून झाली की ओटा पुसून
मी नकाशा पसरते.
चार कोपऱ्यांवर चार वजनं:
मिठाची बरणी, चष्म्याचं घर,
गुडघ्याचं मलम,
आणि न उघडलेलं गॅसचं बिल, जे वजनाने कमी पडतं
म्हणून त्यावर एक बटाटा.

क्रॅकिंग्टन हेवन ते बॉसकासल.
कॉर्नवॉलचा उत्तर किनारा,
समुद्राने कुरतडून ठेवलेली भाकरीची कड.

शिवणाच्या डब्यातला लाल दोरा ओला करून
वळणावळणावर बसवत जाते.
कॅमबीकच्या नाकाला वळसा,
मग आत, मग बाहेर, परत आत.
दोरा उचलून पट्टीवर ताणला:
साडेअकरा किलोमीटर.
दोरा खोटं बोलत नाही,
पण दोऱ्याला दम लागत नाही.

तपकिरी रेषांना विचारावं लागतं.
रॉकेलच्या रांगेत उभ्या राहायच्या बायका, तशा
एकमेकींना खेटून, मधे बोट शिरू न देता,
त्या उभ्या आहेत हाय क्लिफपाशी.
दोनशे तेवीस मीटर.
तेही एका दमात नाही.
कमावलेली उंची ओढ्यापाशी परत करायची,
पलीकडे पुन्हा उसनी घ्यायची,
व्याज पोटऱ्यांनी भरायचं.

वाऱ्याचं काय करावं?
नैर्ऋत्येचा वारा इथला जुना भाडेकरू, घर सोडत नाही.
इकडून निघाले तर तोंडावर.
तिकडून निघाले तर पाठीला,
पण मग हाय क्लिफ शेवटाला येतो,
पायांत काही उरलेलं नसताना.
मेरिनचा निरोप आलाय: वारा पाठीला घे, वेडी आहेस का.
मेरिन एकतीस वर्षांची.
तिला वारा कुठूनही पाठीलाच लागतो.

काल पेट्रॉक दुकानात आले, रक्तदाबाच्या गोळ्यांना.
चाळीस वर्षं ही वाट धावलेला माणूस,
आता काठी काउंटरला टेकवून उभा.
ब्यूडमधल्या आमच्या औषधदुकानाच्या कागदी पिशवीवर
माझ्याच पेनाने त्यांनी तीन फुल्या काढल्या.
इथे कडा खचलाय, कुंपणाच्या आतून जा.
इथे ओढा. बूट भिजू दे,
कोरडे ठेवायला जाशील तर आपटशील.
तिसऱ्या फुलीवर पेन थोडं रेंगाळलं.
इथे चाल. धावू नकोस.
मी धावायचो. लोक बघतील म्हणून.

तिथे लोक असतात?

मेंढ्या, म्हणाले. दोन-तीन.

गोळ्या विसरून निघाले होते, हाक मारून दिल्या.

पाणी. खजूर. चिक्कीचे दोन तुकडे.
शिट्टी, जी मी अजून कधी वाजवलेली नाही.
श्रीनिवास बंदरावर गाडी लावून बसेल,
शब्दकोडं सोडवत,
आणि उशीर झाला तर विचारेल, आडवा सात, पाच अक्षरी.

राहिली एक रेघ.
द स्ट्रँगल्सच्या वर, ट्रेव्हिगच्या शेताकडे
वळणारी एक गल्ली आहे,
गुडघा बोलायला लागला तर.
ती पेन्सिलने काढते, अगदी पुसट.
हिला पळवाट म्हणतात आपल्यात.
गंमत आहे:
इतका वेळ जी आखत बसलेय
ती पळायची वाट,
आणि पळवाट ती
जिथे पळणं थांबवता येतं.
बावन्न वर्षांत दोन्ही एकाच नकाशावर
काढायचं सुचलं नव्हतं.

पुसट रेघ पुन्हा गिरवते.
आता दिसते नीट.

वारा तोंडावर घेणार. ठरलं.
डोंगर आधी, ताज्या पायांनी.
मेरिनला कळवते. ती अंगठा पाठवते,
उलटा.

बटाटा टोपलीत, मीठ जागेवर.
नकाशाची घडी नेमकी हाय क्लिफवर पडते,
दरवेळी तिथेच पडून कागद विरलाय,
बोटाएवढं भोक.
त्यातून ओट्याचा काळा दगड दिसतो.
तिथे रेषा नाहीत, आकडा नाही.

गजर साडेपाचचा.
दोरा अजून ओलाच आहे,
नळाच्या तोटीवर वाळत घालते.