खडूची कॅरॅव्हॅन

निनादनं बर्मिंगहॅमहून मापं पाठवली
त्याच संध्याकाळी विद्याधर खडू घेऊन गच्चीवर गेला.
साडेपाच मीटर लांब, दोन मीटर दहा रुंद.
टाकीकडे पाठ, दार पूर्वेला.
फुर्टाडोबाईंच्या दोऱ्या स्वयंपाकघरावरून जातात,
त्याला इलाज नाही.

डिसेंबरात निघायचं. व्हिसा नव्वद दिवसांचा,
त्यातला एकही वाया जाऊ नये म्हणून ही तालीम.
निनाद गाडी तिथवर ओढून नेणार,
आठवडाभर राहून परतणार, पुढे आम्ही दोघंच.
आल्मेरियाच्या किनाऱ्याला म्हणे
अख्ख्या युरोपातले पेन्शनर थंडीला येऊन टेकतात,
चाकांना उटी लावतात, खुर्च्या मांडतात
आणि उन्हाकडे तोंड करून काहीही करत नाहीत.
मला काहीही न करण्याची सवय नाही.
विद्याधर म्हणाला, तालीम त्याचीच आहे.

तर रोज साडेपाचला आम्ही खडूच्या आत बसतो.
चेंबूर, टिळकनगर, चौथा मजला संपल्यावर.
मी थर्मासमधला चहा ओतते, तो नकाशा उलगडतो.
मी उठले की त्यानं पाय आवळायचे,
तो उठला की मी.
‘अगं, शॉवरमधून चाललीस!’

फुर्टाडोबाई कपडे काढायला आल्या.
दारातून या, विद्याधर म्हणाला.
बिचाऱ्या वळसा घालून आल्या,
चपला बाहेर काढल्या,
आणि आमच्या शेगडीवरचा नवऱ्याचा पायजमा
ओढून घेऊन गेल्या.

रात्री मोबाइलवर स्पॅनिश.
आगुआ म्हणजे पाणी.
रस्त्याला ‘काये’.
बरोबरच आहे, मी म्हटलं,
उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की पहिला प्रश्न तोच.

चौथ्या दिवशी मी त्याच्याकडून खडू मागून घेतला
आणि पलंगावरच गुणाकार मांडला.
लालबागची आमची खोली दहा बाय बारा.
सात माणसं, एक माळा, मोरी पडद्याआड,
गॅलरीत झोपलेला रघूकाका
आणि पहाटे पाण्याला जाताना
त्याला न उठवता ओलांडणाऱ्या बायका.
एकशे वीस चौरस फूट.
ही गाडी, एकशे चोवीस.

चार फूट, विद्याधर.
बावीस वर्षं हप्ते फेडून मोठ्या जागेत आलो,
आणि आता चार फूट वाढीव मिळावेत म्हणून
साडेसात हजार किलोमीटर जायचं.
तो बराच वेळ टाकीकडे बघत राहिला.
मग म्हणाला,
पण संडास आत आहे.

हे मात्र खरं.

त्या खोलीत कुणाला झोप लागली, कुणाला नाही,
हे अंधारात नुसत्या श्वासावरून कळायचं.
बाबांची नोकरी गेली ते मला
कुणी सांगायच्या आधी तसंच कळलं होतं.
इथे दोन बेडरूम.
निनाद गेला, त्याची खोली रिकामी झाली,
विद्याधर घोरतो, म्हणून मी तिकडे.
बारा वर्षं झाली.
तो रात्री जागा असतो का, मला ठाऊक नाही.
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर
विचारायचं राहूनच गेलं.

काल व्हिसा आला.
मेतकूट, गोडा मसाला, कुकरची जादा रिंग
बांधून झालं.
ओलं फडकं घेऊन रात्री वर गेले,
सोसायटीची गच्ची, पुसून ठेवलेली बरी.

पाहते तर पलंगाच्या कडेला नवी खिडकी,
माझ्या बाजूला.
आडवी, जरा वाकडी; गुडघा वाकवून काढलेली असणार.
तिच्यातून माहुलच्या रिफायनरीची ज्योत दिसते.
शेजारी एक बाण,
आणि त्याच्या त्या बँकेतल्या बारीक अक्षरात:
समुद्र.

फडकं पिळून फुर्टाडोबाईंच्या दोरीवर टाकलं.
थोडा वेळ माझ्या बाजूला आडवी झाले.
उतरताना
दारातून गेले.